सेकंड एमबीबीएसची पहिली मेडिसिन पोस्टिंग: चार आठवड्यांत काय शिकवावं, काय सोडावं?

युनिट_तीन

नमस्कार. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागात सहायक प्राध्यापक आहे. सेकंड एमबीबीएसच्या क्लिनिक्सचं (वॉर्डात रुग्णांजवळ होणाऱ्या शिकवणीचं) वेळापत्रक नव्याने लावायचं काम आमच्या युनिटकडे आलं आहे.

परिस्थिती अशी: बॅच २४ जणांची. चार आठवडे, सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९ ते १२. पुरुष आणि स्त्री वॉर्ड मिळून युनिटच्या ३० खाटा. मंगळवारी ओपीडी, गुरुवारी इमर्जन्सी, शुक्रवारी सकाळी पोस्ट-इमर्जन्सीचा लांबलेला राउंड. शिकवायला मी आणि एक सिनियर रेसिडेंट. जेआर (ज्युनियर रेसिडेंट) मोकळे असले तर येतात.

आजवरची पद्धत म्हणजे एक खाट आणि तिच्याभोवती चोवीस जण. एकजण केस मांडतो, पुढच्या चार-पाच जणांना ऐकू येतं. पाच मिनिटांत गाडी डिफरन्शियल डायग्नोसिसवर (संभाव्य आजारांच्या यादीवर) जाते आणि उरलेला वेळ खाटेशेजारच्या व्याख्यानात जातो. मुलांना मायट्रल स्टेनोसिसची (हृदयाची झडप अरुंद होण्याची) कारणं पाठ असतात, पण नाडी किती वेळ मोजली असं विचारलं की उत्तर येत नाही.

चार आठवड्यांचं उद्दिष्ट काय ठेवावं? इतक्या मुलांची विभागणी कशी करावी? रुग्णांना त्रास कसा टाळावा? आणि मुलांना खरंच काय आलं ते तपासायचं कसं?

बेडसाइड

सर, पहिल्या पोस्टिंगमधून डायग्नोसिस काढून टाका. या मुलांचं पॅथॉलॉजी आणि फार्मॅकॉलॉजी अजून चालू आहे. रोग माहीत नसताना डिफरन्शियल विचारलं की मुलं पुस्तकातली यादी म्हणतात आणि रुग्णाकडे पाहणं थांबवतात. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमातही दुसऱ्या वर्षाची पहिली पोस्टिंग रुग्णाची, विषयाची आणि स्वतःच्या भूमिकेची ओळख व्हावी म्हणूनच ठेवली आहे.

पूर्ण हिस्ट्री, बिनचूक जनरल एक्झामिनेशन, आणि नॉर्मल छाती, नॉर्मल पोट, नॉर्मल हार्ट साउंड्स हाताला-कानाला ओळखीचे होणं, एवढं झालं तरी चार आठवडे कारणी लागले. पहिला आठवडा हिस्ट्री आणि जनरल एक्झामिनेशन, दुसरा नाडी, बीपी, जेव्हीपी (मानेतल्या शिरेचा दाब) आणि हृदय, तिसरा छाती आणि पोट, चौथा सगळं एकत्र. न्यूरॉलॉजी दाखवायला हरकत नाही, पण या टप्प्यावर शिकवायला घेऊ नका. तिला लागणारा वेळ बाकी सगळं खाऊन टाकतो.

विभागणी: चार-चार जणांचे सहा गट. प्रत्येक गटाला एक रुग्ण. गटात एकजण हिस्ट्री घेतो, दुसरा तपासतो, तिसरा लिहितो, आणि चौथा हातात घड्याळ व चेकलिस्ट घेऊन पहिल्या दोघांनी काय गाळलं ते टिपतो. भूमिका रोज बदलायच्या. तुम्ही तीन गट घ्या, सिनियर रेसिडेंटना तीन द्या. प्रत्येक गटाजवळ पंधरा मिनिटं उभं राहायचं आणि त्यातली पहिली दहा मिनिटं एक शब्दही बोलायचा नाही. हे सगळ्यात कठीण आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही. शिक्षक बोलायला लागला की विद्यार्थ्याचा हात थांबतो, आणि तो हात कुठे चुकतो ते मग कुणालाच दिसत नाही.

कुठे चुका होतात ते सविस्तर लिहितो, कारण शिकवण्यासारखं खरं तिथेच आहे.

नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे ठोके अनियमित असताना) फसवते. असा रुग्ण वॉर्डात असेल तर गटातल्या दोघांना एकाच मिनिटात, एकाला एपेक्सवर (हृदयाच्या टोकावर) स्टेथो ठेवून आणि दुसऱ्याला रेडियलवर (मनगटाच्या नाडीवर), मोजायला लावा. दहापेक्षा जास्त फरक आला की पल्स डेफिसिट म्हणजे काय ते व्याख्यानाशिवाय समजतं. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची आणि पुढचं मिनिटभर श्वास मोजायचे. रुग्णाला कळलं की श्वास मोजताहेत, तर त्याचा श्वास बदलतो. असंख्य केस शीटवर रेस्पिरेटरी रेट १८ लिहिलेला सापडेल, तो कुणीही मोजलेला नसतो.

बीपी: रुग्ण पाच मिनिटं शांत, पाठीला टेकू, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. कफमधली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के भागाला वेढायला हवी. जाड दंडाला लहान कफ बांधला की आकडा खोटाच वाढतो. आधी रेडियलवर बोट ठेवून पॅल्पेटरी सिस्टोलिक (नाडी लागेनाशी होते तो आकडा) घ्यायचं, मग त्याच्या ३० मिमी वर नेऊन सेकंदाला २ ते ३ मिमीने उतरवायचं. पॅल्पेटरी टाळलं की ऑस्कल्टेटरी गॅप (मध्येच आवाज गायब होणं) असलेल्या माणसाचं सिस्टोलिक चक्क ४०-५० मिमीने कमी लिहिलं जाऊ शकतं.

जेव्हीपी चुकतो तो बहुधा मान ताठ ठेवल्यामुळे. डोकं उशीवर सैल, ४५ अंश, मान किंचित डावीकडे, उजेड तिरपा. आधी दोन लाटा दिसतात का ते पाहायचं, मग बोटाने हलकं दाबून ती लाट थांबते का ते. कॅरोटिड धमनी हाताला लागते आणि अशी थांबत नाही. उंची स्टर्नल अँगलपासून (छातीच्या मधल्या हाडावरच्या उंचवट्यापासून) उभी मोजायची, तिरपी पट्टी धरून नाही. खूप वाढलेला जेव्हीपी ४५ अंशांत दिसतच नाही, कारण वरची कड जबड्यामागे गेलेली असते. तिथे रुग्णाला सरळ बसवून बघायला शिकवा.

पॅलर (फिकटपणा) आणि इक्टेरस (कावीळ) खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात. पिवळ्या दिव्याखाली सौम्य कावीळ सहज निसटते. इडिमा (सूज) नडगीच्या हाडावर निदान दहा सेकंद दाबून पाहायचा, आणि जो रुग्ण अनेक दिवस पडून आहे त्याच्या कमरेमागे, सेक्रमवर. पायावर सूज नाही म्हणून 'नो इडिमा' लिहिलेले बेडरिडन रुग्ण प्रत्येक वॉर्डात मिळतील.

पर्कशन (बोटाने ठोकून आवाज ऐकणं) शिकायला रुग्ण लागत नाही. डाव्या हाताचं मधलं बोट घट्ट टेकवून बाकीची उचललेली, उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक मधल्या पेऱ्यावर, हालचाल मनगटातून, आणि आघात झाला की बोट लगेच उचलायचं. आधी टेबलावर, मग एकमेकांच्या छातीवर. कोपरातून मारणारा विद्यार्थी रुग्णाला दुखवतो आणि त्याला आवाजातला फरकही कळत नाही.

जेआर३_मेडिसिन

बेडसाइड सरांशी पूर्ण सहमत. रेसिडेंटच्या बाजूने काही भर घालतो.

फाइल बंद ठेवा. मुलं वॉर्डात आली की आधी फाइल उघडतात, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) वाचतात, आणि मग मर्मर (हृदयातला जादा आवाज) 'ऐकतात'. अशा कानाला काही शिकता येत नाही. क्लिनिक्सच्या रुग्णांच्या फाइल तासभर नर्सिंग स्टेशनवर राहू द्या आणि केस लिहून झाल्यावर मुलांच्या हातात द्या. आपलं लिखाण आणि रिपोर्ट समोरासमोर ठेवून जुळत नाही ते शोधायचं. एकोत सांगितलेलं ऐकू आलं नसेल तर त्याच दिवशी परत खाटेशी जाऊन ऐकायचं: मायट्रलचं डायस्टोलिक मर्मर डाव्या कुशीवर, बेलने (स्टेथोच्या लहान बाजूने), श्वास सोडून थांबल्यावर, आणि एऑर्टिक रिगर्जिटेशनचं (झडप गळण्याचं) बसून पुढे वाकवून, डायाफ्रामने (चपट्या मोठ्या बाजूने), तेही श्वास सोडूनच.

वेळेबद्दल: जेआरकडे सलग अर्धा तास कधीच नसतो, पण पाच मिनिटं असतात. त्या पाच मिनिटांसाठी १९९२ मध्ये मांडलेली वन मिनिट प्रिसेप्टर ही पद्धत फार उपयोगी आहे. विद्यार्थ्याला काय वाटतं ते त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं, मग 'कशावरून?' विचारायचं, एक सर्वसाधारण नियम सांगायचा, काय बरोबर केलं ते नेमकं सांगायचं, शेवटी काय सुधारायचं ते. 'छान' म्हणणं म्हणजे फीडबॅक नव्हे. 'तू रुग्णाला न दुखवता दुखऱ्या जागेवर शेवटी हात नेलास, ते योग्य' असं सांगितलं की ते पुढच्या वेळीही होतं.

गुरुवारची इमर्जन्सी वाया घालवू नका. त्या दिवशी आलेले रुग्ण शुक्रवारी गटांना वाटून द्या आणि डिस्चार्जपर्यंत त्यांच्याकडेच ठेवा. अभ्यासक्रमातली लर्नर-डॉक्टर पद्धत नेमकी हीच आहे. निर्णय युनिटचेच, विद्यार्थ्याच्या हाती स्वतंत्र जबाबदारी द्यायची नाही, पण रोज त्या एकाच माणसाला भेटायचं. न्यूमोनियाचा ताप कोणत्या दिवशी उतरला, हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचं वजन डाययुरेटिकवर (लघवी वाढवणाऱ्या औषधावर) रोज किती कमी झालं, क्रेपिटेशन्स (फुप्फुसातले चरचर आवाज) कुठून कुठवर खाली गेले, हे एका दिवसाच्या 'चांगल्या केस'मधून दिसत नाही. मेडिसिन विभाग जे शिकवू शकतो आणि क्लासचे व्हिडिओ शिकवू शकत नाहीत, ते हेच.

याच दिवसांत ईसीजी काढायलाही शिकवा. वाचणं नंतर. व्ही१ (छातीवरचा पहिला लीड) चौथ्या इंटरकोस्टल स्पेसमध्ये (बरगड्यांमधल्या जागेत) स्टर्नमच्या उजव्या कडेला, व्ही२ तिथेच डाव्या कडेला, मग व्ही४ पाचव्या स्पेसमध्ये मिडक्लॅव्हिक्युलर रेषेवर, व्ही३ हा व्ही२ आणि व्ही४च्या मध्ये, व्ही५ आणि व्ही६ व्ही४च्याच पातळीत. स्टर्नल अँगलला दुसरी बरगडी लागते, तिथून मोजत खाली यायचं. अंदाजाने लावले की व्ही१-व्ही२ दुसऱ्या-तिसऱ्या स्पेसमध्ये चढतात आणि ईसीजीत नसलेला जुना अँटिरियर इन्फार्क्ट (हार्ट अटॅकची खूण) दिसू लागतो. लीड वनमध्ये सगळं उलटं आणि एव्हीआर सरळ दिसला तर आधी हाताच्या वायरी तपासायच्या.

वॉर्ड_सिस्टर

नमस्कार सर. मेडिसिन वॉर्डची इनचार्ज सिस्टर म्हणून लिहिते. वेळापत्रक लावताना वॉर्डचं घड्याळ विचारात घेतलं जात नाही, म्हणून निम्मा गोंधळ होतो.

९ ते १० या वेळात बेड मेकिंग, सकाळचे इंजेक्शन, सॅम्पल पाठवणं आणि युनिटचा राउंड असतो. त्यात चोवीस मुलं आली तर ना राउंड नीट होत ना क्लिनिक्स. पहिला तास सेमिनार रूममध्ये घ्या: पर्कशन, बीपी एकमेकांवर, चेकलिस्ट समजावणं. वॉर्डात १० ते ११.३०. जेवणाची ट्रॉली आली की मुलांनी बाहेर पडायचं. शुक्रवारी राउंडला एकच गट घ्या, बाकीच्यांना ११ नंतर.

रुग्णांची यादी आदल्या दिवशी संध्याकाळी द्या. कोणाला सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलं आहे, कोणाची रात्र वाईट गेली, कोणाला विचारायचंच नाही, हे आम्हाला माहीत असतं. एका रुग्णाकडे दिवसात एकच गट आणि एका आठवड्यात एकच बॅच. सगळ्या बॅचेस त्याच 'स्प्लीन'कडे (प्लीहा वाढलेल्या रुग्णाकडे) पाठवल्या तर चौथ्या दिवशी तो माणूस पोट झाकून भिंतीकडे तोंड करून झोपतो.

परवानगी मुलांनीच मागायची, स्वतःचं नाव सांगून: 'मी विद्यार्थी आहे, तुम्हाला तपासून शिकायचं आहे, चालेल का? नको असेल तर नको म्हणा, तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही.' शेवटचं वाक्य गाळू नये. सरकारी दवाखान्यात नाही म्हटलं तर औषध मिळणार नाही असं अनेकांना मनातून वाटत असतं. पडदा आधी ओढायचा, मग कपडे बाजूला करायला सांगायचं, आणि जेवढं तपासायचं तेवढंच उघडं ठेवायचं. स्त्री रुग्ण असेल तर गटातली मुलगी किंवा सिस्टर जवळ हवीच.

हात: रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हँड रब, २० ते ३० सेकंद. हात दिसायला मळलेले असतील तर साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. दोन रुग्णांमध्ये स्टेथोस्कोप स्पिरिटने पुसायचा. थुंकीत टीबी सापडलेला रुग्ण या मुलांच्या यादीत नकोच, आणि खोकणारा संशयित असेल तर एन-९५ शिवाय जवळ जायचं नाही. हिपॅटायटिस बीचे ०, १ आणि ६ महिन्यांचे तिन्ही डोस झालेत का ते पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी विचारा. सुई टोचली तर बोट पिळायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच सांगायचं. एचआयव्हीसाठीचं औषध दोन तासांत सुरू झालेलं उत्तम, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. ओरडा बसेल म्हणून मुलं लपवतात, त्यामुळे हे पहिल्याच दिवशी प्रेमाने सांगून ठेवा.

युनिट_तीन

सिस्टर, वेळापत्रक १० वाजताचं केलं. यादीची पद्धतही लागू करतो. आता एक अडचण उरते. बॅचमधल्या काही मुलांना मराठी जुजबीच येतं, आणि ज्यांना येतं त्यांचीही हिस्ट्री पुस्तकी उतरते. 'दम लागतो? हो. व्यसन? नाही.' एवढ्यावर संपते. यावर काय करता येईल? आणि मूल्यमापनाचा प्रश्न राहिलाच.

तालुका_फिजिशियन

हिस्ट्री पुस्तकी होते कारण मुलं मथळे वाचून विचारतात. मथळ्याऐवजी प्रश्नांची वाक्यं तयार करून द्या, रुग्ण बोलतात त्या मराठीत. मराठी न येणाऱ्या मुलाला प्रत्येक गटात मराठी येणाऱ्याबरोबर बसवा, पण पहिल्या आठवड्यानंतर त्यालाच विचारू द्या. वाक्यं तीस-चाळीसच लागतात, पाठ होतात.

दम लागतो का, यावर उत्तर 'हो' येणारच. विचारायचं असं: सहा महिन्यांपूर्वी विहिरीवरून हंडा आणताना थांबावं लागायचं का? आता घरातल्या घरात चालताना? आंघोळ करताना? म्हणजे ग्रेड आपोआप मिळते. रात्री उशा किती घेता, सपाट झोपलं तर काय होतं, झोप लागल्यावर तास-दोन तासांनी दम कोंडून उठून बसावं लागतं का, मग किती वेळाने बरं वाटतं. ऑर्थोप्निया (सपाट झोपल्यावरचा दम) आणि पीएनडी (झोपेतून उठवणारा दम) दोन्ही यात आले.

चक्कर आली म्हटलं की तिथेच थांबायचं आणि फोड करून घ्यायची: भोवतालचं फिरतं, की डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना तोल जातो? शुद्ध गेली का? उभं राहिल्यावर येते की कूस बदलल्यावर?

'व्यसन आहे का' हा प्रश्न बाद करा. मिश्री लावणारी बाई 'नाही' म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणं आहे. तंबाखू, मिश्री, गुटखा, बिडी, दारू, प्रत्येक वेगळं आणि नाव घेऊन विचारायचं. बिडीचं रोजची संख्या गुणिले वर्षं. बंडलात विचारलं तर बंडलात किती बिड्या तेही विचारायचं. दारूचं 'कधीतरी' लिहून घ्यायचं नाही. कोणती, किती, आठवड्यातून किती दिवस, शेवटची कधी. एक क्वार्टर म्हणजे १८० मिली, ४२.८ टक्क्यांची व्हिस्की असेल तर सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल. शेवटची कधी घेतली हे विचारलं नाही तर दाखल होऊन दारू थांबल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर आणि बडबड सुरू होते आणि सगळे मेंदूचा ताप शोधत बसतात.

औषधांसाठी 'गोळ्यांची पिशवी दाखवा' म्हणायचं. तीत बऱ्याचदा सांध्यांसाठी घेतलेलं स्टेरॉइड किंवा रोजचं डायक्लोफेनॅक निघतं, आणि सुजेचं किंवा वाढलेल्या क्रिएटिनिनचं (मूत्रपिंडाच्या तपासणीतल्या आकड्याचं) कारण तिथेच मिळतं. झाडपाला, काढा, वैदूचं औषध घेतलं का हेही विचारायचं, रागाचा सूर न लावता, नाहीतर रुग्ण पुढचं काही सांगत नाही. शेतकरी किंवा शेतमजूर असेल तर फवारणी कधी केली, कोणतं औषध, तोंडाला काही बांधलं होतं का.

आणि हिस्ट्रीच्या सुरुवातीची दोन मिनिटं रुग्णाला न अडवता बोलू द्यायला सांगा. मुलं लिहिण्याच्या घाईत असतात. आधी ऐकणं, मग प्रश्न, आणि लिहिणं खाटेपासून दूर गेल्यावर.

बेडसाइड

मूल्यमापनाबद्दल. पोस्टिंगच्या शेवटी एक केस आणि व्हायवा घेतला तर पुन्हा पाठांतरच मोजलं जाईल. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याचे चार आठवड्यांत निदान दोन मिनी-सीईएक्स करा. पंधरा मिनिटं त्याला खऱ्या रुग्णाशी काम करताना नुसतं पाहायचं, पाच मिनिटं बोलायचं. एकावेळी संपूर्ण केस नको, एकच काम द्यायचं: 'दम लागण्याची हिस्ट्री घे' किंवा 'जनरल एक्झामिनेशन कर'. चोवीस मुलं, दोनदा म्हणजे ४८ निरीक्षणं. दोन शिक्षकांत वाटली तर दिवसाला प्रत्येकाच्या वाट्याला एक-दोन येतात, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात सुरू करा. शेवटच्या आठवड्यात ढकललं की ते होत नाही.

पहिलं निरीक्षण दुसऱ्या आठवड्याच्या आत हवं, म्हणजे मुलाला सुधारायला वेळ मिळतो. दुसऱ्या वेळी आधीचा कागद समोर ठेवून तीच चूक गेली का ते पाहा. गुणांपेक्षा हा फरक जास्त सांगतो.

शेवटच्या दोन दिवसांत छोटी ओएससीई (स्टेशनवार कौशल्यांची परीक्षा) घ्या. सहा स्टेशन, प्रत्येकी पाच मिनिटं: बीपी, पूर्ण मिनिटाची नाडी आणि श्वास, ईसीजीचे लीड लावणं, पर्कशन, परवानगी मागून हात स्वच्छ करून पोटाची तपासणी सुरू करणं, आणि स्पेसरसह इनहेलर कसा घ्यायचा ते रुग्णाला समजावणं. इनहेलरच्या चेकलिस्टमध्ये हलवणं, श्वास पूर्ण सोडणं, एकच दाब, सावकाश खोल श्वास, दहा सेकंद रोखणं, दुसऱ्या पफआधी अर्धा मिनिट थांबणं, आणि स्टेरॉइड असेल तर चूळ भरणं. रोटाहेलरला श्वास जोरात ओढावा लागतो, दोन्हींची सरमिसळ मुलंही करतात आणि रुग्णही.

लॉगबुकवर सही त्याच दिवशी, आणि ज्याने पाहिलं त्यानेच करायची. महिन्याच्या शेवटी गठ्ठ्याने सह्या करायच्या असतील तर लॉगबुकात काय लिहिलंय त्याला अर्थ उरत नाही. वॉर्डात एक फळा लावा: गटाचं नाव, खाट क्रमांक, आज कोणाचं निरीक्षण झालं. रुग्णाचं नाव आणि निदान त्यावर लिहायचं नाही. कुणाचं राहिलंय ते सिस्टरनाही दिसतं आणि त्या आठवण करून देतात.

युनिट_तीन

फळ्याची व्यवस्था सोमवारी करतो. सिस्टरांच्या परवानगीच्या वाक्यासकट पहिल्या दिवसाची चेकलिस्ट तयार झाली की इथे टाकतो. तालुका_फिजिशियन सर, तुमच्याकडे प्रश्नांची यादी लिहून ठेवलेली असेल तर कृपया द्या, विशेषतः ताप आणि कावीळ या दोन तक्रारींची. पावसाळ्यात वॉर्ड त्यांनीच भरलेला असतो.

तालुका_फिजिशियन

देतो. तापासाठी आत्ताच एवढं घ्या: थंडी वाजून हुडहुडी भरते का, रोज की एक दिवसाआड, घाम येऊन उतरतो का. चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात अनवाणी काम केलं का, गोठ्यात उंदीर आहेत का. पोटऱ्या दुखतात का, डोळे लाल झाले का. लघवी कमी झाली का, रंग कसा. अंगावर किंवा काखेत, जांघेत काळी खपली दिसते का, हे विचारून थांबायचं नाही, स्वतः पाहायचं. स्क्रब टायफस या तापातला एश्चार (हीच काळी खपली) रुग्णाला दुखत नाही, त्यामुळे तो सांगत नाही.